ओल्या कचऱ्यापासून आरंभ

निसर्गाला अनुकूल अशी राहणी अंगीकारावी, अशी इच्छा आज अनेक कुटुंबांत उत्पन्न झालेली आहे. परंतु त्या इच्छेला कृतीची वाट सापडण्यापूर्वीच बाजारपेठ पुढे येते आणि 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'पर्यावरणपूरक' अशी विशेषणे धारण केलेल्या नव्या जिनसांची रास आपल्यापुढे मांडते. बांबूचा दातांचा ब्रश, तागाची पिशवी आणि काचेची बाटली विकत आणली म्हणजे आपले कर्तव्य पार पडले, असा समज त्यामुळे सहजच दृढ होतो. वास्तविक घरात पूर्वीपासून असलेला स्टीलचा डबा कितीही जुना, कितीही पोचे पडलेला असला, तरी नव्याने आणलेल्या कोणत्याही डब्यापेक्षा तो निसर्गावर कमी भार टाकतो. कारण त्याच्यासाठी लागलेले खनिज, इंधन आणि वाहतूक यांचा खर्च केव्हाच होऊन गेलेला असतो, आणि पुढची वीस वर्षे तो वापरला तर नवा खर्च करावा लागत नाही. म्हणून साध्या राहणीचा आरंभ खरेदीने करू नये, तर आपल्या घरातून रोज बाहेर काय जाते, हे प्रथम नीट पाहावे, असे माझे आग्रहपूर्वक सांगणे आहे.

हे पाहण्यासाठी एखाद्या जुन्या वहीत सात दिवस घरच्या कचऱ्याची रोजकीर्द लिहावी. एका बाजूला भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, शिळे अन्न इत्यादी ओल्या पदार्थांची नोंद करावी आणि दुसऱ्या बाजूला दुधाच्या पिशव्या, खाऊची पाकिटे, पुठ्ठे, बाटल्या, औषधांची रिकामी वेष्टने यांची. आठवड्याअखेरीस ही वही उघडली असता बहुतेक घरांत दोन गोष्टी स्पष्ट होतात: एक, वजनाने अर्ध्याहून अधिक कचरा ओला असतो, आणि दोन, सुक्या कचऱ्यातला मोठा वाटा चार-पाच ठरावीक जिनसांचाच असतो. कोणत्या जिनसेला हात घालावा, हे ज्या त्या घराची वही सांगते. दुसऱ्याच्या घरची यादी आपल्या उपयोगी पडत नाही.

ओल्या कचऱ्याला मी अग्रस्थान देतो, याचे कारण असे की, तो मुळात कचरा नाहीच. आपण त्याला प्लास्टिक, काच आणि चिंध्या यांच्या संगतीत लोटतो, तेव्हा तो कचरा होतो. असा मिश्र कचरा डोंगरासारखा रचला गेला, म्हणजे त्याच्या पोटात हवा पोहोचत नाही, हवेवाचून कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन वायू निर्माण होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले तर वातावरण तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भरते. हाच वायू पेट घेतो. मुंबईतील देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे, आणि २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीच्या धुराने शहराचा मोठा भाग काळवंडून गेला होता. पुण्याचा कचरा ज्यांच्या शिवारात वर्षानुवर्षे नेऊन टाकला गेला, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांच्या नासलेल्या विहिरींची कहाणीही याहून कमी क्लेशदायक नाही. आपल्या घरच्या दुधीच्या सालींचा त्या विहिरींशी संबंध आहे, हे एकदा मनावर ठसले, म्हणजे त्या सालींचे घरीच खत करण्याचा श्रम जड वाटत नाही.

कंपोस्ट खताची जी पद्धत पुढे जगभर पसरली, ती आपल्या होळकरांच्या इंदुरात शास्त्रीय स्वरूपाला आली, ही गोष्ट मराठी वाचकाला अभिमानाने सांगण्याजोगी आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तेथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. हिंदुस्थानी शेतकऱ्याला शिकवण्यासाठी आलेल्या या गृहस्थाने त्याच शेतकऱ्याला आपला गुरू मानले, आणि काडीकचरा, शेण, गोठ्यातील मुतारीची माती व राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसवली. या प्रयोगांवरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. 'इंदूर पद्धती'चा गौरव होतो तेव्हा या नावाचा उच्चार क्वचितच होतो, याची मला खंत वाटते. पुढे कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच तत्त्वाचा विस्तार मानवी मलापर्यंत केला आणि सफाईचे काम हे खतनिर्मितीचे प्रतिष्ठित काम आहे, हे स्वतः करून दाखवले.

आता सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने हे कसे करावे, त्याचा तपशील सांगतो. चौघांच्या घरातून दिवसाला साधारणपणे अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. त्यासाठी वीस-पंचवीस लिटरची दोन भांडी पुरतात. जुनी बादली, फुटक्या कडेचा माठ, रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, यांतले काहीही चालते. भांड्याच्या बुडाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर छिद्रे पाडावीत, ते दोन विटांवर उंच ठेवावे आणि खाली एक ताटली ठेवावी. तळाशी तीन-चार बोटे जाडीचा सुक्या पानांचा थर द्यावा. मग रोजचा ओला कचरा, शक्य तितका बारीक चिरून, त्यावर पसरावा आणि आकारमानाने त्याच्या बरोबरीचा किंवा थोडा अधिक सुका पाला वर घालून तो पूर्णपणे झाकावा. सुका पाला न मिळाल्यास नारळाच्या सोडणाचा भुसा किंवा बारीक फाडलेला कोरा पुठ्ठा चालतो. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर जुने खत, शेणकाला किंवा वाटीभर आंबट ताक घालावे. यांतील जीवाणू पुढचे काम आपण होऊन करतात. आठवड्यातून एकदा काठीने किंवा खुरप्याने मिश्रण तळापासून वर-खाली करावे, म्हणजे हवा खेळते. एक भांडे भरले की झाकून बाजूला ठेवावे आणि दुसरे सुरू करावे. दुसरे भरेपर्यंत पहिल्यातला माल निम्म्याहून खाली बसलेला असतो, आणि दोन ते तीन महिन्यांत त्याचे काळसर, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचे खत होते. पंधरा दिवस गावाला जावयाचे असल्यास वर पाल्याचा जाड थर देऊन निर्धास्तपणे जावे.

बहुतेक लोक हा उपक्रम दुर्गंधीच्या भीतीने सुरू करत नाहीत, किंवा पहिल्या दुर्गंधीबरोबर सोडून देतात. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, दुर्गंधी ही नेहमी जादा ओलाव्याची किंवा हवेच्या अभावाची खूण असते. सुका पाला दुप्पट घालून मिश्रण ढवळले असता एक-दोन दिवसांत वास नाहीसा होतो. मिश्रण मुठीत घेऊन दाबावे: गोळा व्हावा, परंतु बोटांमधून पाणी ठिबकू नये. मुंग्या झाल्या तर मिश्रण फार कोरडे झाले असे समजून पाण्याचा शिपका द्यावा. चिलटे आली तर वरचा पाल्याचा थर अपुरा आहे. क्वचित पांढुरक्या-करड्या, चपट्या अळ्या दिसतात. त्या एका निरुपद्रवी माशीच्या असून कचरा झपाट्याने खातात, त्यांना मारू नये. मांस, हाडे, तेलकट रस्से आणि ढीगभर लिंबाच्या साली नवशिक्याने टाळाव्यात. नारळाची करवंटी आणि आंब्याची कोय कुजतात खऱ्या, पण त्यांना फार दिवस लागतात. ज्यांच्या घरी अंगण आहे किंवा जेथे वीस-तीस बिऱ्हाडे एकत्र येऊ शकतात, त्यांनी पुण्याच्या आरती संस्थेने विकसित केलेल्या लहान बायोगॅस संयंत्राचा विचार अवश्य करावा; डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेले हे संयंत्र शेणाऐवजी शिळ्या भातापोळीवर व खरकट्यावर चालते आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला.

तयार झालेले खत चाळून घ्यावे, वरचा भरड भाग पुढच्या भांड्याला विरजण म्हणून ठेवावा आणि खालचे बारीक खत कुंड्यांना द्यावे. कोथिंबीर, मेथी, पुदिना, ओली मिरची, गवती चहा, ओवा आणि कढीपत्ता ही मंडळी खिडकीच्या कठड्यावरही, चार-पाच तास ऊन मिळाल्यास, समाधानाने वाढतात. गणिताचे प्राध्यापक असलेले श्रीपाद दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे शेतकऱ्यांना जे शिकवले, त्याचे सार असे की, पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल आहे आणि पालापाचोळा हे त्या भांडवलाचे साठवलेले रूप आहे; त्यांच्या विचारांनी प्रेरित झालेल्या कित्येकांनी गच्चीवर जवळजवळ मातीवाचून, निव्वळ कुजलेल्या पाल्यावर भाज्या पिकवल्या आहेत.

ओला भाग असा वेगळा निघाला, की सुका कचरा आपोआप स्वच्छ राहतो आणि त्याला मोल येते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग प्रत्येक घरात वेगळे करण्याचे बंधन घातले. परंतु कायद्याच्या बंधनाहूनही एका गोष्टीचा विचार मला अधिक महत्त्वाचा वाटतो, तो असा की, आपण जे एकत्र करतो ते कोणीतरी हातांनी वेगळे करत असते. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक स्त्रियांच्या या श्रमाला प्रथम संघटित वाचा दिली. त्यांच्यासाठी आपण एवढे तरी करावे: दुधाची पिशवी विसळून वाळवून द्यावी, फुटकी काच जाड कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे, सॅनिटरी पॅड व लहान मुलांचे लंगोट वर्तमानपत्रात बांधून त्यावर तांबडी खूण करावी, आणि बॅटरीचे सेल, निकामी दिवे, मुदत संपलेली औषधे ही स्वतंत्र डब्यात साठवून संकलनाच्या वेळी निराळी सुपूर्द करावीत. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो तुकडा पिशवीपासून सुटा होऊ देऊ नये. ते इवलेसे तुकडे कोणाच्याच हाती लागत नाहीत आणि गटारावाटे नदीत जातात.

प्लास्टिकच्या पिशव्यांविषयी महाराष्ट्र शासनाची बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली. तथापि सरकारी हुकमाचा अंमल दाराच्या आत होत नाही, तो घरच्यांनाच करावा लागतो. दाराच्या खुंटीला एक आणि प्रत्येकाच्या दप्तरात एक अशी कापडी पिशवी कायमची असावी, आणि ती जुन्या साडीची, चादरीची किंवा विजारीची शिवलेली असावी. सुती कापडाच्या नव्या पिशव्या पुनःपुन्हा विकत घेणे हा उपाय नव्हे, कारण कापसाला पाणी व फवारणी यांचा मोठा खर्च येतो आणि अशी पिशवी शेकडो वेळा वापरली तरच तो वसूल होतो. मासळी, मटण, दही यांसाठी झाकणाचा डबा बरोबर न्यावा. दुकानदार पहिल्यांदा नवलाने पाहतो, दुसऱ्यांदा आपण होऊन डबा मागतो.

स्वयंपाकघरातील दुसरा मोठा विषय म्हणजे आपण काय खातो. ज्या ऋतूत जे आपल्या परिसरात पिकते ते खावे, हा नियम इतका जुना आहे की त्याचा नव्याने उपदेश करण्याचे धाडस होऊ नये. परंतु शीतगृहातील सफरचंद बारा महिने समोर असताना आवळा, बोरे, करवंदे, जांभळे आणि पपनस घरातून नाहीशी झाली आहेत, हेही खरे. पावसाळ्यात ठाणे, पालघर, रायगड या जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रिया टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी आणि शेवळे घेऊन शहरांच्या बाजारात बसतात. या भाज्यांना खत नाही, फवारणी नाही, आणि त्यांचा पैसा थेट ती भाजी खुडणाऱ्या हातात जातो. म्हणून त्यांच्याशी घासाघीस करू नये. मात्र अनोळखी भाजी करण्याची रीत विकणाऱ्या बाईंनाच विचारावी: शेवळ्याने घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळे किंवा चिंच घालावी लागते, ही माहिती त्यांच्याइतकी नेमकी कोणी सांगत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी व वरई ही धान्ये गहू-तांदळापेक्षा कमी पाण्यात येतात, तेव्हा आठवड्यातून तीन-चार जेवणे तरी भाकरीची असावीत. देशी बियाण्यांच्या रक्षणासाठी पद्मश्रीने गौरवलेल्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेल्या वालांच्या व घेवड्यांच्या जाती टिकाव्यात असे वाटत असेल, तर तशा जाती बाजारात मागणारे गिऱ्हाईकही असले पाहिजे.

इंधनाच्या बाबतीत एक इशारा देणे अगत्याचे आहे. निसर्गाकडे परत जाण्याच्या उत्साहात काही मंडळी चुलीचे गुणगान करतात. चुलीवरच्या भाकरीची चव कितीही खरी असली, तरी त्या धुराने आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे आणि फुप्फुसे जळली, आणि जुने ते सर्वच ग्राह्य मानणे हा त्यांच्या सोसण्याचा अनादर होय. गॅस काटकसरीने वापरावा, हा मार्ग निर्धोक आहे. कडधान्ये रात्रभर भिजवावीत, पातेल्यावर झाकण ठेवावे, प्रेशर कुकरची शिटी झाल्यावर ज्योत बारीक करावी. आमटीची डाळ किंवा भात खळखळून उकळल्यावर पातेले घट्ट झाकून जुन्या गोधडीत गुंडाळून एखाद्या पेटीत ठेवले असता उरलेली शिजण्याची क्रिया साठलेल्या उष्णतेवरच पुरी होते. भाताला या रीतीने तासाभराच्या आत मऊपणा येतो.

पाण्याचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो: खर्चाचा आणि जमेचा. खर्चाच्या बाजूला, बादलीने स्नान केल्यास पंधरा-वीस लिटर पाणी लागते, तर मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली तेवढे दोन मिनिटांत वाहून जाते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी अदमासे वीस लिटर पाणी घालवतो. आठ-दहा रुपयांचा वायसर बदलला की ते वाचते. शुद्धीकरणाच्या आर.ओ. यंत्रातून एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते, तेव्हा ते बादलीत धरून फरशी पुसण्यास घ्यावे. आणि मुळात नळाच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर क्षार कमी करण्यासाठी अशा यंत्राची गरजच नसते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालावे, आणि ज्यांच्या घरामागे परसू आहे त्यांनी मोरीचे सांडपाणी पूर्वीप्रमाणे केळी, अळू आणि कर्दळीकडे वळवावे. जमेच्या बाजूचे गणित तर विस्मय वाटावा इतके सोपे आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी उतरते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ५६,००० लिटर उरते, आणि ते गटारात जाऊ न देता, पहिल्या पावसाचे पाणी सोडून देऊन, गाळून टाकीत किंवा विंधनविहिरीच्या पुनर्भरणाकडे नेणे ही सोसायटीने मे महिन्यातच करून ठेवावयाची तजवीज आहे.

त्याच मोरीतून जाणाऱ्या साबण-चुऱ्यांतील फॉस्फेटे नदी-तलावांत जलपर्णीला आणि शेवाळाला पोसतात. रंकाळा तलावाने आणि मुळा-मुठा नद्यांनी हे पुरेसे दाखवले आहे. रेशमी व लोकरी कपड्यांसाठी रिठ्याहून चांगले द्रव्य नाही: दहा-बारा रिठे बिया काढून रात्रभर भिजवावे, सकाळी उकळून, कुस्करून गाळावे आणि ते पाणी दोन-तीन दिवसांत संपवावे, कारण ते टिकत नाही. तांब्या-पितळेला चिंच किंवा लिंबाची पिळलेली फोड पुरते. रोजच्या सुती कपड्यांना साबण लागेलच. तो पाकिटावरील मापाच्या निम्म्याने घालून पाहावा, बहुधा तेवढ्याने भागते.

विजेविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, ९ वॅटचा एलईडी दिवा जुन्या ६० वॅटच्या दिव्याचे काम करतो, दोन किलोवॅटचा गीझर तासभर चालल्यास दोन युनिटे खर्च होतात, आणि वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवून पंखा लावल्यास निभते. माठ आणि वाळ्याचा पडदा यांचा गारवा बाष्पीभवनावर अवलंबून असल्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम काम देतात. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

गणेशोत्सवाविषयी मात्र थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण तेथे श्रद्धेचा प्रश्न आहे. मूर्ती शाडूची, लहान आणि मातीच्या रंगांनी रंगवलेली असावी व तिचे विसर्जन घरीच बादलीत करून ती माती कुंडीत घालावी, हे सर्वोत्तम. घरात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आलीच असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सांगितलेल्या रीतीने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळवता येते. खाली चुनखडी बसते आणि वरचे अमोनियम सल्फेटयुक्त पाणी भरपूर पाणी मिसळून झाडांना खत म्हणून घालता येते. निर्माल्यातील फुले-दूर्वा दोरा काढून खताच्या भांड्यात घालाव्या. देवाला वाहिलेले मातीला मिळाले, तर त्यात कोणताही अवमान नाही.

हे सर्व करताना कामाची वाटणी कशी होते, याकडे डोळेझाक करू नये. साधी राहणी म्हणून जे जे सुचवले जाते, ते भिजवणे, वाळवणे, उकळणे, शिवणे बहुधा घरातल्या बाईच्याच माथी येते, आणि नोकरी करून थकून आलेल्या स्त्रीवर रिठे उकळण्याचे ओझे टाकून मिळवलेला निसर्गस्नेह मला मान्य नाही. खताच्या भांड्याचे काम घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी पत्करावे; दिवसाला पाच मिनिटे लागतात.

आरंभासाठी दिवाळीनंतरचे दिवस सोयीचे. हवा कोरडी असल्याने नवशिक्याचे भांडे चिघळत नाही, आणि माघ-फाल्गुनात पानगळ होऊन सुका पाला फुकट मिळतो. तो चार-पाच गोणी भरून गच्चीवर झाकून ठेवावा, कारण पावसाळ्यात, जेव्हा त्याची खरी निकड भासते, तेव्हा कोरडे पान मिळत नाही. रस्ते झाडणाऱ्या सफाई कामगारांना अगोदर सांगून ठेवले, तर ते गोणी भरून आणून देतात व कोपऱ्यात पाला जाळण्याचे टळते. त्यांच्या या श्रमाचे दाम गोणीमागे ठरवून हातोहात द्यावे.